नातं आधी, नंबर मग



आज जरा मोठं लिहितोय, तेव्हा चहा हाताशी घेऊन बसा. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होतो. दुसऱ्याची चूक लिहायची असती तर एका बैठकीत लिहून झालं असतं. स्वतःची आहे, म्हणून एवढा वेळ लागला.

मी मूळचा अमळनेरचा. बी.कॉम. करून १९७२ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो, बदल्यांवर बदल्या घेत अधिकारी झालो आणि २०१० साली निवृत्त झालो. मुलाची नोकरी सुरतेत, म्हणून आम्ही दोघं इकडे आलो. तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे आमचं कोसाड. आलो तेव्हा गच्चीवरून उसाची शेतं दिसायची, आता चारी बाजूंनी बिल्डिंगा. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे आपली खानदेशी वस्ती दाट आहे. इकडे मात्र आपण विखुरलेले. म्हणून एका वर्षी गणपतीच्या वर्गणीच्या निमित्ताने कोसाड, अमरोली, उत्राण, मोटा वराछा इथल्या मराठी कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. "बँकेतले साहेब आहेत, हिशेब चोख ठेवतील," म्हणून ॲडमिन मला केलं.

गणपती दहा दिवसांनी गेले, ग्रुप राहिला. आणि त्यावर प्रश्न सुरू झाले. पोळ्या करायला बाई मिळेल का? गुडघेदुखीसाठी चांगला डॉक्टर कोणता? सत्यनारायणाला मराठी गुरुजी आहेत का? पुण्याची कोणती ट्रॅव्हल्स वेळेवर सुटते? गावी असतो तर हे सगळं ओट्यावर बसून विचारलं असतं. परगावात ओटा नाही, म्हणून मोबाइल. विचारणाऱ्याला तासाभरात पाच-सहा उत्तरं मिळायची. नवीन आलेल्या माणसाला त्याचा किती आधार वाटतो, हे बाहेरगावी संसार मांडलेल्यांना सांगायला नको.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की काही उत्तरं जरा जास्तच गोड आहेत. एका ताईंनी दहावीच्या गणिताचा क्लास विचारला. लगेच दुसरीने लिहिलं, "अमुक क्लास फार छान, आमच्या शेजारच्या मुलाला खूप फायदा झाला." क्लास तिच्या दिराचा निघाला. एकाने पाण्याचं फिल्टर विचारलं. "मी स्वतः वापरतोय, डोळे मिटून घ्या," असं सांगणाऱ्या गृहस्थांच्या मेहुण्याचीच त्या फिल्टरची एजन्सी होती. आता क्लास वाईट होता, फिल्टर खराब होतं, असं मी म्हणत नाही. पण विचारणाऱ्याला वाटलं शेजारी बोलतोय, आणि बोलत होता दुकानदार. त्रास तिथे आहे.

मी लगेच नियम टाकला. "या ग्रुपवर कोणत्याही प्रकारची जाहिरात चालणार नाही. हुकमावरून, ॲडमिन." अडतीस वर्षं दुसऱ्यांची सर्क्युलरं वाचली होती, स्वतः एखादं काढायची हौस होतीच!

मग आला २०२३ चा मे महिना. एका नव्या नंबरवरून प्रश्न आला : "घरगुती कुरडया आणि ज्वारीचे बिबडे कुठे मिळतील?" पाच मिनिटांत दुसऱ्या नंबरवरून उत्तर : "इथे फोन करा, एकदम गावाकडची चव, आम्ही दरवर्षी घेतो." आणि खाली तिसरा नंबर.

बँकेत माझं अर्धं आयुष्य सह्या पडताळण्यात गेलंय. दोन्ही मेसेजमध्ये 'कुर्ड्या' असंच लिहिलेलं, दोन्हींत प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन टिंबं. मी चौकशी केली. प्रश्न भाच्याचा, उत्तर नवऱ्याचं आणि नंबर तिचा. आवासच्या घरांत राहणारी शिरपूरकडची एक सून. नवरा लूमवर कामाला, ही उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं करून विकायची.

मी काय करावं? सरळ ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं : "प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचं, मालही तुमचा. ग्रुपला मूर्ख समजू नका." हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, "साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही." संध्याकाळपर्यंत ते तिघंही ग्रुप सोडून गेले.

मी मोठ्या अभिमानाने सौ.ला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरीला फोन करून समजावलं असतं तरी चाललं असतं."

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

ही झाली माझी फुशारकी. आता खरी गोष्ट.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ग्रुपवर एक प्रश्न आला. नंदुरबारकडचे एक गृहस्थ, वय ६१, खासगी कंपनीतून निवृत्त झालेले. "निवृत्तीचे २२ लाख आलेत. कुठे ठेवू? बँकेतल्या साहेबांनी मार्गदर्शन करावं."

मला कोण आनंद झाला! दोन तास बसून उत्तर लिहिलं. पहिली मोठी रक्कम सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये घाला, पाच वर्षांची मुदत, व्याज दर तीन महिन्यांनी, आणि १ एप्रिल २०२३ पासून मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आहे. बँकेत एफडी ठेवाल तर एकाच बँकेत सगळं नको, कारण ठेवीचा विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. वर्षभराचा घरखर्च आणि दवाखान्याचे पैसे बचत खात्यात हाताशी राहू द्या. वारसाचं नाव सगळीकडे लावा. एकूण एक मुद्दा बरोबर. आजही त्यातलं अक्षर बदलणार नाही.

फक्त शेवटची ओळ अशी होती : "थोडी रक्कम म्युच्युअल फंडात घालायची असेल तर कतारगामला एक माहीतगार, प्रामाणिक मुलगा आहे. हा त्याचा नंबर."

तो मुलगा म्हणजे माझा जावई.

तुम्ही विचाराल, तसं लिहिलं का नाही? लिहिताना बोट थांबलं होतं, खोटं कशाला बोलू? 'माझा जावई' असं टाइप केलं आणि पुसलं. वाटलं, जावई म्हटलं की लोक म्हणतील साहेब घरची जाहिरात करतायत, एवढं चांगलं उत्तर फुकट जाईल. शिवाय मुलगा खरंच प्रामाणिक आहे. मग नातं सांगितलं काय, न सांगितलं काय?

उत्तराला पन्नासेक लोकांनी हात जोडले. मीही खूश.

पुढच्या एप्रिलमध्ये ते गृहस्थ एका संध्याकाळी घरी आले. हातात कागद होता. म्युच्युअल फंडाचं सहामाही स्टेटमेंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सेबीच्या नियमाने २०१६ पासून या सहामाही स्टेटमेंटमध्ये वितरकाला किती कमिशन मिळालं, ते रुपयांत छापावं लागतं. बरेच लोक ते पान उघडतही नाहीत. यांनी उघडलं होतं. जावयामार्फत त्यांनी पाच लाख गुंतवले होते आणि त्या ओळीपुढे दोन हजारांच्या आसपास आकडा होता.

"साहेब, तक्रार नाही," ते म्हणाले. "पैसे वाढलेतच. फक्त हे समजून घ्यायचंय. हे कमिशन कुणाला जातं?"

मी 'डिस्ट्रिब्युटर', 'रेग्युलर प्लॅन' असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली. तिने कागदावरचं नाव वाचलं आणि सरळपणे म्हणाली, "अहो भाऊ, हे तर आमचे जावई. तुम्हाला ह्यांनी सांगितलं नाही?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

त्यांनी चहा प्यायला. उठता उठता म्हणाले, "साहेब, आधी सांगितलं असतं ना, तर मी त्यांच्याकडेच गेलो असतो, आणि जास्त विश्वासाने गेलो असतो. पण आता काय झालंय, तुमचं बाकीचं उत्तरही मला परत वाचावं लागेल."

मंडळी, हे वाक्य मला अजून टोचतं. माझं बाकीचं उत्तर शंभर टक्के निखळ होतं. पोस्टातल्या स्कीममधून मला कवडी मिळत नव्हती, ठेवीच्या विम्याची गोष्ट सांगून माझा काय फायदा होता? पण एक ओळ लपवली आणि त्या माणसाच्या नजरेत प्रत्येक ओळीखाली प्रश्नचिन्ह आलं. दुधात लिंबाचा एकच थेंब पुरतो.

त्या रात्री झोप लागली नाही. आठवलं ते २००७ साल.

तेव्हा शाखांना विमा पॉलिसी विकायची टार्गेटं आली होती. रोज संध्याकाळी वरून फोन यायचा, "आज किती?" आमच्या शाखेत एक बाई यायच्या. नवरा नुकताच गेलेला. त्यांनी एफडीचे पैसे कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी युलिप सांगितली. "चांगली योजना आहे, मार्केट जोरात आहे," म्हटलं. योजना काही बोगस नव्हती. पण शाखेला टार्गेट आहे, यावर बँकेला कमिशन मिळतं, पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला बराच भाग खर्चापोटी कापला जातो, हे मी सांगितलं नाही. लाखाचा हप्ता दरवर्षी भरायचा आहे, हेही त्यांना नीट कळलेलं नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला. दुसरा हप्ता त्यांना झेपला नाही. हातात आलं ते फार थोडं.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, मी तर तुम्हाला विचारलं होतं."

'बँकेला' विचारलं होतं असं नाही म्हणाल्या. 'तुम्हाला' म्हणाल्या. पुढे १ सप्टेंबर २०१० पासून युलिपचे नियम कडक झाले, खर्चावर मर्यादा आल्या, लॉक-इन तीनचं पाच वर्षं झालं. तोवर मी निवृत्त झालो होतो आणि सगळा दोष टार्गेटवर टाकून मोकळा झालो होतो. आता कोसाडच्या फ्लॅटमध्ये मला कुणी टार्गेट दिलं होतं?

गंमत म्हणजे योग्य काय ते मला चांगलं ठाऊक होतं. बँकेत असताना चुलतभावाचा कर्जाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मी प्रस्तावावर लाल शाईने लिहिलं, "अर्जदार माझा चुलतभाऊ आहे," आणि कागद वरच्या ऑफिसला पाठवून दिला. कर्ज मंजूर झालं. ना त्याच्याकडे कुणी संशयाने बघितलं, ना माझ्याकडे. बँकिंग रेग्युलेशन कायद्यात तर आहेच, की बँकेने स्वतःच्या संचालकाला किंवा त्याचा हितसंबंध असलेल्या कंपनीला कर्ज देऊ नये. आयुष्यभर जो नियम नोकरीत पाळला तो ग्रुपवर मला जाहिरात वाटला!

सकाळी उठून मी तीन कामं केली.

पहिलं, ग्रुपवर लिहिलं : "मी दिवाळीनंतर ज्याचा नंबर दिला होता तो माझा जावई आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझी चूक झाली." या वेळी हात कुणी जोडले नाहीत. दोघा-तिघांनी खोचक लिहिलं, "साहेब, नियम म्हणजे नियम ना?" बरोबरच होतं त्यांचं.

दुसरं, त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनमधला फरक समजावून सांगितला. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत डायरेक्ट प्लॅन मिळतो. त्यात मधला माणूस नाही, म्हणून त्याचं कमिशन योजनेच्या खर्चात धरलं जात नाही. रेग्युलरमध्ये ते दरवर्षी जातं, पण त्या बदल्यात कागदपत्रं, फॉर्म, पडत्या बाजारात धीर देणं, हे काम तो करतो. "तुम्हाला जे झेपेल ते घ्या," म्हटलं. त्यांनी विचार करून जावयाकडेच ठेवलं. मात्र त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट जावयाला दोनदा विचारतात. जावई थोडे दिवस माझ्यावर रुसले होते. लेकीने समजूत काढली.

तिसरं काम अवघड होतं. चालत आवासच्या घरांकडे गेलो. ती सून दार उघडून बघतच राहिली. "या काका," म्हणाली, पाणी दिलं. मी म्हटलं, "बेटा, मी तुला चारचौघांत बोललो ते चुकलं. फोन करायला हवा होता."

तिने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "काका, चूक आमचीबी होती. पण सांगू का, आधी मी माझ्या नावाने टाकलं होतं. 'मी कुरडया करते, कुणाला हव्यात का?' एकाने बघितलं नाही. वर तुमचा नियम आला, जाहिरात बंद. मग भाचा म्हणाला, मामी, अशी युक्ती करू. स्वतः सांगितलं तर विकायला आली म्हणतात. दुसऱ्याने सांगितलं तर चव चांगली म्हणतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने जे केलं तेच मी केलं होतं. आपल्या तोंडून विश्वास बसणार नाही म्हणून आपण तिऱ्हाईत व्हायचं. फरक एवढाच, की ती तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, उन्हात उभी राहून पाच पैसे कमवत होती, आणि मला साहेबपण सांभाळायचं होतं. आणि माझ्या नियमाने तिला उघड दार ठेवलंच नव्हतं. पुढचं दार लावून घेतल्यावर मागच्या दाराने आली म्हणून तिला हसलो.

येताना विचार केला, आपण राहतो कुठे? सुरतेत! या गावाचं पोट दलालीवर चालतं. रिंग रोडच्या कापड मार्केटमधलं बिल बघा, त्यावर दलालाचं नाव लिहिलेलं असतं. हिऱ्याचा दलाल पुडकी घेऊन राजरोस ऑफिसात शिरतो. त्यात लाज नाही, कारण घेणारा, विकणारा आणि मधला, तिघांनाही माहीत असतं कोण कोणाचा आहे. लाज आहे ती बिलावर नाव न लिहिण्यात. हे आता कायद्यानेही म्हटलंय. जून २०२२ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एखाद्या मालाची शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी असा संबंध असेल की ज्याने शिफारशीचं वजन बदलेल, आणि तो लोकांच्या सहज लक्षात येणार नसेल, तर तो सांगायला हवा. मोठमोठ्या सिनेनट-क्रिकेटवाल्यांना जे लागू, ते कोसाडच्या साहेबाला का नको?

मग आम्ही चार जणांनी बसून ग्रुपचा नियम बदलला. जाहिरात बंद, हा नियम काढला. त्याऐवजी एकच ओळ : नातं आधी, नंबर मग. कुणी काही विचारलं तर खुशाल आपल्या भावाचा, जावयाचा, स्वतःचा नंबर द्या, पण पहिल्या वाक्यात नातं सांगा. आणि दर रविवारी सगळ्यांनी आपापला धंदा आपल्या नावाने मांडायचा. क्लास, शिवणकाम, वाळवणं, विमा, काय असेल ते. कुणाचं उत्तर संशयास्पद वाटलं तर ग्रुपवर पंचनामा करायचा नाही, आधी खासगीत फोन करून विचारायचं, "तुमचं कोण लागतं हो?" दहातले आठ जण लगेच सांगतात आणि स्वतःच मेसेज दुरुस्त करतात. लपवायचं म्हणून लपवणारे थोडे, संकोचाने न सांगणारेच जास्त. एक-दोन पक्के निघाले, वारंवार तेच करणारे. त्यांना काढावं लागलं, पण तेही न हसता. आणि ॲडमिन आता मी एकटा नाही, तिघं आहोत. माझं उत्तर तपासायलाही कुणीतरी हवं ना!

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवाच एकाने फ्लॅटची भलामण केली आणि नातं सांगायला 'विसरला'. चालायचंच.

पण या मार्चमध्ये एका रविवारी ग्रुपवर एक मेसेज आला. त्याच जुन्या नंबरवरून, वाक्यापुढे तीच तीन टिंबं. "मी स्वतः करते... कुर्ड्या, बिबडे, खानदेशी काळा मसाला... चव बघून मग घ्या..." खाली तिचं नाव, पूर्ण, आडनावासकट. त्या दिवशी तिला अकरा ऑर्डरी आल्या. सौ.ने दोन किलो सांगितल्या. मी खाली लिहायला गेलो, "उत्तम माल, जरूर घ्या," आणि थांबलो. मग असं लिहिलं : "ही माझ्या ओळखीची मुलगी आहे, मी तिचा अपराधी आहे, आणि बिबडे मी खाल्ले आहेत. आता तुम्ही ठरवा."

२००७ च्या त्या बाई आज कुठे आहेत मला माहीत नाही. भेटल्या असत्या तर त्यांनाही पहिल्या वाक्यात सांगितलं असतं, की बाई, मला टार्गेट आहे, हे लक्षात ठेवून माझं ऐका. तेवढ्याने त्यांचा लाख वाचला असता.

आपल्याकडे जुन्या बिलाच्या तळाशी छापलेलं असायचं तेच लिहून थांबतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.